गोल नाकाचा साचा

मेसईद, शुक्रवार, १२ जानेवारी २०१८

रा. रा. शशिकांतराव यांस महिपतीचा नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, राग मानू नका. दिवाळीतच लिहायला घेतलं होतं, पण दोन ओळी लिहायच्या आणि फाडायच्या असं तीनदा झालं. मी सातवी नापास माणूस, त्यात विषय असा की चुकीचा शब्द पडला तर भलताच अर्थ व्हायचा. म्हणून फोनवरही बोललो नाही. इथे खोलीत आम्ही सहाजण, फोन कोण ऐकतो काही सांगता येत नाही. आपल्या जामनेरकडचा एक ड्रायव्हर सुट्टीवर येतोय, त्याच्या हाती पाकीट देतो आहे. वाचून झालं की फाडा.

आमच्या वर्कशॉपचे मालक अबू राशिद. सत्तरीचे आहेत, बापाबरोबर मुंबईला खेपा केलेले, हिंदी बोलतात. त्यांना निशाणेबाजीचा नाद आहे. त्यांच्या शेतावर वाळूचा बांध घातलाय, त्यावर आपोआप भरणाऱ्या पिस्तुलाने नेम धरतात. परवाना आहे, मी स्वतः कागद पाहिला, पण अरबी मला वाचता येत नाही. गेल्या जूनपासून शेजारच्या देशांनी कतारचा रस्ता बंद केल्यावर बाहेरच्या गोळ्या मिळेनात. तेव्हा मला म्हणाले, "महिपती, तू तो ढलाईवाला है, सीसा पिघला, गोली बना." मी पन्नास वर्षं पितळ आणि बीड ओतलं, पण गोळी कधी ओतली नाही. नाही म्हणायची सोय नव्हती. व्हिसा त्यांच्या हातात.

त्यांनी परदेशातून साचा मागवला. ॲल्युमिनियमचा, सहा खणांचा, गोळीचं नाक चपटं. गोळ्या निघतात, पण अंगावर सुरकुत्या. आणि पिस्तूल अडकतं. सात सुटतात, आठवी तोंडाशी तिरकी होऊन बसते. मालक चिडतात. आता त्यांनी साच्यांच्या चित्रांचं पुस्तकच माझ्यापुढे टाकलंय, तू निवड म्हणून. तुम्ही तीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणीला होता. तुम्हीच सांगा कुठला साचा घेऊ.

आणखी एक. शिसं इकबाल नावाचा भंगारवाला आणून देतो. बरंचसं गाडीच्या चाकाला लावतात ते. पण एक पोतं वेगळंच आहे. त्यातले तुकडे फुटलेल्या फुलासारखे, काट्यांचे, जाळीचे. दोन सारखे नाहीत. हातात घेतले की खोल विहिरीत वाकून पाहिल्यासारखं वाटतं. ते वितळवू का नको?

माझा भाचा सुदाम बरा आहे. नव्या स्टेडियमच्या छताचं लोखंड जोडायला जातो. आधी उंचीवर दोन्ही हातांनी लोखंड धरून थिजायचा, आता छान चढतो. तुमच्या गल्लीत माझी बहीण मुक्ता आहे, तिला एवढं सांगा. बाकीचं सांगू नका.

आपला
महिपती


भुसावळ, ४ फेब्रुवारी २०१८

प्रिय साडूबुवा,

पत्र मिळालं, वाचलं, आणि फाडलं नाही. सौ. सुहासिनीने देवघरात ठेवलं, म्हणाली भाऊजींनी पहिल्यांदाच चार पानं लिहिली. तुम्ही घाबरता फार. परवान्याचा माणूस, स्वतःच्या शेतात नेम धरतो, त्यात तुम्ही ओतारी. मंदिराची घंटा ओतणाऱ्याला पुजारी थोडाच म्हणतात!

आता कामाचं. पहिली गोष्ट, चपटं नाक सोडा. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात गोळी मॅगझीनमधून वर येते, उतारावर घसरते आणि नळीत शिरते. चपट्याची कड त्या उतारावर अडते. गोल नाकाची गोळी मांजरासारखी आत जाते. दुसरी गोष्ट, सहा खण कशाला? घाई करणाऱ्याचा साचा तो. दोन खणांचा घ्या, लोखंडी. तापायला वेळ लावेल, पण एकदा तापला की ऊब धरून ठेवील. तिसरी गोष्ट, मालकाची नळी आतून मोजून घ्या आणि गोळी तिच्याहून केसभर जाड पडेल असाच साचा निवडा. बारीक गोळी नळीत खुळखुळते आणि भलतीकडे जाते.

सुरकुत्यांचं म्हणाल तर साचा थंड होता. पहिले दहा-बारा नग परत मुशीत टाकायचे, मग साचा बोलायला लागतो. आत मेणबत्तीची काजळी धरा. बूड बघा, नाकापेक्षा बूड महत्त्वाचं. कड धारदार हवी.

आणि ती तुमची फुलं! अहो, वितळलेलं शिसं पाण्यात ओतलं की तसंच फुटतं. कुणी नळकाम करणाऱ्याने उरलेलं बादलीत ओतलं असेल. खुशाल वितळवा, मात्र आधी पुरतं वाळवा, ओलाव्याचा थेंब राहिला तर तोंडावर उडेल. विहिरीत वाकल्यासारखं वाटतं त्याला शिशाचा धूर कारण आहे. खिडकी उघडी ठेवा, हात धुऊन जेवा.

मुक्ताबाईंना निरोप दिला. सुदामचा फोन येत नाही म्हणून कुरकुरत होत्या. त्याचे कान धरा.

आपला
शशिकांत


मेसईद, शुक्रवार, ९ मार्च २०१८

शशिकांतरावांस नमस्कार.

साचा तुम्ही म्हणाला तसाच मागवला. गोल नाक, लोखंडी, दोन खण. काय सांगू, असं ओतकाम माझ्या हातून आजवर झालं नाही. पोत्यातलं शिसं टाकल्यावर मूस एकदम शांत झाली, मळीसुद्धा वर आली नाही. गोळ्या आरशासारख्या. मालकांनी पन्नास झाडल्या, एक अडकली नाही. मला मिठी मारली त्यांनी. शंभर रियाल देत होते, मी घेतले नाहीत. का घेतले नाहीत ते सांगतो.

हा साचा येईपर्यंत पोत्यातलं थोडं शिसं जुन्याच साच्यात ओतलं होतं, त्या सुरकुतलेल्या गोळ्या मालक झाडायचे तेव्हाच एक गोष्ट झाली होती. मी तुम्हाला लिहिली नाही, म्हटलं हसाल. भर दुपारी दोनला बांधाच्या पलीकडे उन्हाची वाफ हलत असते. त्या वाफेत कुणीतरी उभं असल्यासारखं दिसायचं. पुरतं नाही, पाण्यात सावली पडावी तसं. मालकही पिस्तूल खाली करायचे. "महिपती, उधर कौन खड़ा है?" राखणदार जाऊन यायचा. कुणी नाही. वाळूवर पाऊलही नाही. मी म्हटलं वाफ आहे.

आता नव्या गोळ्यांनी ते स्पष्ट झालंय. दर गोळीला थोडं जास्त. पन्नासाव्या गोळीला मला हेल्मेट दिसलं, पिवळं. दोन्ही हात वर, छताचं लोखंड धरावं तसे घट्ट. एक गुडघा वाकलेला. जागचं हलत नव्हतं. मालक हसून म्हणाले, "कोई मजदूर रास्ता भूल गया होगा." पण त्यांनी पिस्तूल डब्यात ठेवलं आणि तोंडातल्या तोंडात काही पुटपुटले.

मी तिकडे गेलो नाही. सांगायला लाज वाटते, पण नाही गेलो. माझं वय चौसष्ट, मला घरी परत यायचंय.

सुदामचे कान धरायला सांगितलं होतं तुम्ही. त्याला म्हटलं आईला फोन लाव. म्हणाला, "मामा, तिला काय होणार आहे?" हसून म्हणाला, वाईट बोलला असं नाही. पण हा मुलगा पूर्वी आईला साधं पडसं झालं तरी जेवायचा नाही. तुमच्या लक्षात येतंय का मी काय म्हणतो?

साच्यात काही दोष असू शकतो का? म्हणजे साचा फारच चांगला असणं हाही दोष असतो का?

आपला
महिपती


भुसावळ, २८ मार्च २०१८

प्रिय साडूबुवा,

चांगला साचा हा दोष असतो हे मी तीस वर्षांत प्रथम ऐकलं. आमच्या साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी मला बढती दिली असती.

वाळवंटात वाफेत काय काय दिसतं ते शाळेतल्या पोराला विचारा. मृगजळ म्हणतात त्याला. मैलभर लांबचा मजूर बांधाशी उभा दिसतो. हेल्मेट तुमच्या डोक्यात आहे, कारण रोज तुमच्या भोवती हेल्मेटंच आहेत. चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला?

तरी एक करा. गोळ्या झाडल्यावर बांधाची वाळू चाळून शिसं परत काढतात, आमच्याकडेही काढायचे. तुम्ही चाळा. हाताला काम राहील, शिसंही वाया जाणार नाही, आणि तिथे कुणी उभं नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. भीतीवर तोच उपाय, जवळ जाऊन बघणं.

सुदामचं म्हणाल तर पोरगं मोठं झालं. कमवायला लागलं की आया मागे पडतात. सुहासिनी म्हणते, लग्न करा त्याचं.

आपला
शशिकांत


मेसईद, शुक्रवार, २७ एप्रिल २०१८

शशिकांतरावांस नमस्कार.

हे पत्र आधी मुक्तापासून लपवा आणि मग वाचा.

ती फुलं नळकामाची नव्हती. इकबालला मी दोन दिवस धरून बसलो तेव्हा बोलला. इथे जुन्या शिंप्यांच्या दुकानांमागे रुकैया नावाची बलुची म्हातारी राहते. माणसाला बसलेली दहशत ती शिशाने काढते. डोक्यावर चादर धरतात, चादरीवर पाण्याचं घमेलं, आणि त्यात ती वितळलेलं शिसं ओतते. आतलं भय शिशात उतरतं आणि शिसं तसं फुटतं. मजुरांच्या छावण्यांतली पोरं रांगेने जातात तिच्याकडे. उंचावर काम करणारी, जोडीदार पडताना पाहिलेली. ओतून झालेलं शिसं समुद्रात टाकायचं असतं. ते काम इकबालकडे होतं, कारण त्याची गाडी बंदराकडे जाते. त्याने टाकलं नाही. म्हणाला, "चाचा, अच्छा माल था, पानी में क्यों फेंकता?" साठवलं आणि मला दिलं.

सुदामही गेला होता तिच्याकडे, नोव्हेंबरात. त्याचंही फूल त्या पोत्यात होतं.

मी रुकैयाकडे गेलो. दार उघडताच तिने माझे हात हुंगले. म्हणाली, नुसतं पडून राहिलं असतं तरी चाललं असतं, ज्याला रूप नाही ते कुठे जाणार. "तूने साँचे में क्यों डाला?" मी म्हटलं मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, रूप मिळालं की त्याला पाय फुटतात, आणि तू तर एवढा चांगला कारागीर. पोत्यातल्या बाकीच्यांच्या भयाचं काय ते विचारलं तर म्हणाली, जे सगळ्यांत घट्ट होतं ते आधी उठलं. माझ्या भाच्याएवढं घाबरलेलं कुणी तिच्या घमेल्याखाली आलं नव्हतं म्हणे.

मग मी बांध चाळायला गेलो, तुम्ही सांगितलं म्हणून. सकाळी नऊला, उघड्या उन्हात. शिसं सापडलं नाही. एक कण नाही. जिथे गोळ्या शिरत होत्या तिथे वाळूत माणूस मावेल एवढी पोकळी होती, आणि त्या पोकळीतून पावलं बाहेर निघाली होती. आत जाणारी नव्हती, फक्त बाहेर येणारी. खोल, घोट्यापर्यंत रुतलेली. मी त्यांच्या मागे गेलो. ती पूर्वेला समुद्रापर्यंत गेली होती आणि पाण्यात शिरली होती. परत आलेली दिसली नाहीत.

तुम्ही चष्म्याचं म्हणाल. म्हणा.

पण खरी काळजी त्याची नाही. सुदामला आता कशाचंच भय नाही. सुरक्षेच्या पट्ट्याचा आकडा अडकवत नाही. चाळीस मीटर उंच लोखंडावरून फुलपाखरामागे जावं तसा चालतो. त्याच्या जोडीदाराने येऊन मला सांगितलं, "काका, त्याला आवरा, आमचे डोळे मिटतात." मी फोरमनकडे गेलो. फोरमन म्हणाला, बेस्ट वर्कर आहे, दोघांचं काम एकटा करतो. दोनदा दंड झाला, सुदामने हसत भरला. मी पाया पडलो त्याच्या, शशिकांतराव, भाच्याच्या पाया पडलो. मला उठवून म्हणाला, "मामा, पडलो तर पडलो."

त्याच्या सुट्टीचा अर्ज मी लिहून दिला आहे. कंपनीकडून देश सोडायचं एक्झिट परमिट येत नाही. काय करू?

आपला
महिपती


भुसावळ, ११ मे २०१८

प्रिय साडूबुवा,

मार्चनंतर तुमचं पत्र नाही. बहुधा आणणाऱ्याचीच सुट्टी अडकली असेल. पण आज रागावणार नाही, कारण बातमी गोड आहे. तुम्हाला ठाऊक असणारच, तरी लिहितो.

सुदाम आला! सोमवारी दुपारी मुक्ताबाईंच्या अंगणात येऊन उभा राहिला. ना बॅग, ना फोन, अंगावर कामाचेच कपडे, आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट. मुक्ताबाईंना दिसतं कमी, पण हाताने तोंड चाचपलं आणि जी मिठी मारली ती सोडेनात. कपडे ओले होते, मी म्हटलं कुठे पावसात सापडला, तर आईलाच बिलगून राहिला. प्रवासाचा शीण असेल.

तुम्ही लिहिलं होतं आईची आठवण काढत नाही. साफ चूक! क्षणभर आईला नजरेआड होऊ देत नाही. ती विहिरीवर निघाली की पदर धरतो. तिला साधी शिंक आली तर जेवण टाकून उठतो. अशी माया मी पाहिली नाही. मुक्ताबाई म्हणतात, लहानपणीचा माझा सुदाम परत आला.

मात्र पोरगं भेदरलंय. ओट्याच्या तीन पायऱ्या चढत नाही. दोन्ही हातांनी खांब धरतो, एक गुडघा वाकतो आणि तिथेच थिजतो. म्हणून अंगणात खाट टाकली, तर बसताच सुतळ्या तटातट तुटल्या. मी म्हटलं, "काय रे, अरबाने सोनं खाऊ घातलं का?" दिसायला तर काटकुळाच आहे. हात लोखंडासारखे गार, आणि धरले की आपल्या बोटांना करडा डाग लागतो. डॉक्टरला दाखवावं म्हणतो.

मी तुमची खुशाली विचारली. त्याने खांब आणखी घट्ट धरला. मग म्हणाला, "मामाला सांगा, मला परत मुशीत टाकू नका." त्याचा अर्थ काय तो तुम्हीच जाणा. कामावर नको म्हणतोय बहुतेक. नका पाठवू परत. बाई फार सुखात आहेत.

आपला
शशिकांत


मेसईद, शुक्रवार, १८ मे २०१८

शशिकांतराव,

आज नमस्कार राहू द्या.

सुदाम इथे आहे. माझ्या समोरच्या खाटेवर बसून नखं कापतोय. तो कतारमधून हललेला नाही. त्याचं एक्झिट परमिट अजून आलेलं नाही, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आहे. तुमचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. ऐकून म्हणाला, "बरं झालं, आईला सोबत झाली."

माझं एप्रिलचं पत्र तुम्हाला अजून मिळालं नसेल, आणणारा अडकला हा तुमचा तर्क खरा निघाला. ते मिळालं की सगळं कळेल. आत्ता एवढंच समजा की तुमच्या गल्लीत जो आला आहे तो सुदामचं भय आहे. मीच त्याला रूप दिलं. तुम्ही निवडलेल्या साच्यात, माझ्या हाताने. तुम्हाला दोष देत नाही, तुम्ही चांगलंच सांगितलं होतं.

पत्र येताच मी फोन लावला. तुमच्याकडे नुसती घंटा वाजते. तिसऱ्यांदा कुणी उचलला. मी म्हटलं, शशिकांतराव? पलीकडून नुसता वारा ऐकू येत होता, फार उंचावरचा, लोखंडातून शिट्टी घालत जाणारा. तुमच्या ओटीवर तसा वारा नसतो. मग फोन ठेवला गेला, आणि तेव्हापासून लागत नाही.

रोजे सुरू झालेत, तरी रुकैयाकडे गेलो. ती दारातच बोलली. त्याला धरून आणता येणार नाही, बांधून नाही, वितळवून तर नाहीच. त्याने आपल्या पायांनी सुदामकडे परत यायला हवं, आपल्या माणसाची काळजी वाटून, तरच ते पुन्हा त्याच्या अंगात शिरेल. मी म्हटलं, सुदामला बोलवायला सांगू? ती म्हणाली, सुदाम कशाला बोलावील, त्याला काही कमी वाटत नाही.

म्हणून हे काम मुक्तालाच करावं लागणार, आणि तिला सांगायचं तुम्हाला. कसं सांगाल मला कळत नाही. तीन वर्षांनी तिच्या कुशीत लेक आलाय. तो तिचाच आहे हो, खोटा नाही. जो तिच्या शिंकेने जेवण टाकतो, तो तिचाच सुदाम. इथे आहे त्याने आज सकाळी मला विचारलं, आईचं नाव काय लिहायचं फॉर्मवर. त्याला नाव आठवत होतं, पण लिहायचं कशाला ते कळत नव्हतं.

तिला म्हणावं, त्याला जवळ घेऊन सांग की मामा तुला मुशीत टाकणार नाही. साचा मी घणाने फोडला आहे. मालकांना काय सांगायचं ते सांगेन, व्हिसा जाईल तर जाईल. त्याला सांग की दुसरा सुदाम वर आहे आणि त्याने आकडा लावलेला नाही. पुढच्या शनिवारी, सव्वीस तारखेला, छताचं शेवटचं कडं चढवणार आहेत. सगळ्यात वर उभं राहायला सुदामने स्वतःचं नाव दिलंय. त्याआधी आपल्या हाताने पाणी देऊन त्याला वाटेला लाव. तो खांब धरील, गुडघा वाकवील, तरी लाव. त्याला चालायला किती दिवस लागतात मला माहीत नाही. तिकडे येताना समुद्र ओलांडला होता, तेव्हा वेळ हिशोबात धरा.

हे पाकीट शहाद्याचा एक फिटर घेऊन निघतोय, रविवारी तुमच्या हातात पडेल. मुक्ता काय म्हणाली ते कळवा. ती नाही म्हणाली तरी कळवा, म्हणजे मी शनिवारी सकाळी सुदामच्या पायांना मिठी मारून शिडीखाली बसेन. उत्तर लिहीत बसू नका. कुणाचा तरी फोन घ्या, कोण ऐकतं त्याची पर्वा करू नका, आणि तो निघाला की नाही एवढंच लवकर कळवा.

आपला
महिपती